माशीचा पंख काय सांगतो?

गेल्या पेरूच्या हंगामात आमच्या वस्तीत एक गोष्ट घडली. ती प्रथम सांगतो, कारण या लेखाचे मूळ तिच्यातच आहे.

आमच्या शेजारच्या एक मावशी मे महिन्यात मुंबईहून परतल्या. पुढे तीन आठवड्यांनी ओळीने तीन अंगणांतल्या पेरूंत अळ्या निघाल्या. वरून फळ चांगले पिवळे, पण फोडले की आतला गर सडका आणि त्यात पांढऱ्या अळ्या वळवळताहेत. असे पेरू या बेटावर कोणी पाहिले नाहीत असे नाही. तरी त्या दिवसांत कोणीतरी बोलून गेले की मावशींनी सामानातून लपवून हापूस आणले आणि त्यांबरोबर ही कीडही आणली. मावशी म्हणत होत्या, "अरे, मी मसाला आणि पुस्तके आणली, आंबा एकही नाही." पण बोलणाऱ्यांची तोंडे कोण धरणार?

शेजारच्या एका मुलाने पेरूवर बसलेल्या माशीचा फोन-कॅमेऱ्यावर फोटो काढला आणि आम्हाला आणून दाखवला. पंखाच्या पुढच्या कडेला एक काळसर रेघ दिसत होती. आम्ही चष्मा पुसून पाहिले आणि चार माणसांत म्हणालो, "कडेला पूर्ण पट्टी आहे. ही १९९६ साली आलेली ती पौर्वात्य फळमाशी दिसते." झाले! गुरुजीच म्हणतात म्हटल्यावर संशयाला पुराव्याचे बळ मिळाले. मावशी पुढच्या शनिवारी भजनाला आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाहीत.

आमचे म्हणणे चुकीचे होते. ते कसे चुकले, कसे लक्षात आले आणि माशीचा फोटो पाहून तिची जात ओळखायची तर नेमके काय पाहावे, हे आज वाचकांपुढे ठेवतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगणात एखादे आंब्याचे किंवा पेरूचे झाड असते, मांडवावर कारली-दोडकी असतात, आणि आता जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात कॅमेराही असतो. तेव्हा ही विद्या सर्वांच्याच उपयोगाची आहे.

दोन पंखांची मंडळी

कीटकांना सामान्यतः चार पंख असतात. मधमाशीला चार, फुलपाखराला चार, चतुराला चार. खऱ्या माशीला मात्र दोनच. मागच्या दोन पंखांच्या जागी तिला टाचणीच्या डोक्यासारख्या दोन बारीक दांड्या असतात, आणि उडताना तोल सांभाळण्याचे काम त्या करतात. या दोन पंखांवरूनच या गणाला 'द्विपंखी' हे नाव पडले. डास, चिलटे, घरमाशी, फळमाशी हे सारे या एकाच गणातले. शास्त्रज्ञांनी आजवर या गणातल्या दीड लाखांहून अधिक जाती नोंदवल्या आहेत.

म्हणून फोटो पाहताना पहिला प्रश्न हा की पंख दोन आहेत की चार? प्रश्न साधा आहे, पण मोठमोठ्यांची फसगत इथेच होते. एकदा वर्गातल्या एका मुलीने झेंडूच्या फुलावरच्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या कीटकाचा फोटो आणला. आम्ही पाहताक्षणी म्हणालो, "गांधीलमाशी. हात लावू नकोस." मुलीने फोटो मोठा करून विचारले, "पण सर, हिला पंख दोनच कसे?" ती खरे तर फुलमाशी होती. तिला डंख नसतो. पट्टे पाहून पाखरांनी घाबरावे म्हणून निसर्गाने तिला गांधीलमाशीचे सोंग दिले आहे. त्या सोंगाला पाखरे फसतात तसे मास्तरही फसले! यातली महत्त्वाची गोष्ट अशी की अनेक जातींच्या फुलमाश्यांच्या अळ्या भाजीवरचा मावा खाऊन जगतात. गांधीलमाशी समजून औषध फवारणारा माणूस आपल्याच बागेच्या राखणदाराला मारतो.

पंखाचा नकाशा

माशीचे अंग फोटोत फसवते. उजेड कमी असला तर तांबूस रंग काळा दिसतो, धूळ बसली तर पट्टे बुजतात, पोट भरलेले असले तर आकारही बदलतो. पंखाचे तसे नसते. पंखांतल्या शिरांची मांडणी एका जातीत पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ सारखीच राहते. म्हणून शास्त्रज्ञ माशी हाती आली की पंखाकडे वळतात. कॉमस्टॉक आणि नीडहॅम या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी १८९८ सालापासून कीटकांच्या पंखांतल्या शिरांना सर्व गणांत चालतील अशी एकसारखी नावे देण्याची पद्धत मांडली. काही सुधारणांसह तीच आजही वापरात आहे.

आपल्याला त्या नावांची गरज नाही. पंख हा आपल्या बेटाचा नकाशा आहे अशी कल्पना करा. पंखाच्या मुळापासून टोकाकडे काही लांब शिरा जातात. त्या नद्या समजा. त्यांना जोडणाऱ्या आखूड आडव्या शिरा असतात. ते पूल समजा. नद्या आणि पूल यांनी वेढलेल्या जागेला आपण कप्पा म्हणू. माशी उडताना जी कड पुढे असते ती पुढची कड. एवढ्या पाच शब्दांवर, म्हणजे लांब शीर, आडवी शीर, कप्पा, पुढची कड आणि टोक यांवर, आपले काम भागते.

अभ्यासाला घरमाशी घ्यावी, कारण तिला शोधायला लांब जावे लागत नाही. ती खिडकीच्या काचेवर बसली की अलीकडून फोटो काढावा. मागून उजेड येत असल्याने शिरा स्पष्ट उठतात. पुढच्या कडेकडून मोजत आले तर चौथी लांब शीर टोकाजवळ येता येता कोपरासारखी वर वाकते आणि तिसरीच्या अगदी जवळ जाते. घरमाशीची ही खूण कधी चुकत नाही. खोलीच्या मधोमध, दिव्याखाली घिरट्या घालणारी जी थोडी लहान माशी असते, तिला पुष्कळ लोक घरमाशीचे पिल्लू समजतात. माशीचे पिल्लू ही चीज अस्तित्वातच नाही. पंख फुटलेली माशी वाढत नाही, वाढते ती अळी. त्या लहान माशीची चौथी शीर पाहा, ती सरळ कडेपर्यंत जाते. म्हणजे ती वेगळीच जात आहे. गुरांना चावणाऱ्या गोठ्यातल्या माशीची हीच शीर हलकेच कमानीसारखी वळते, कोपर होत नाही. एका शिरेच्या तीन तऱ्हा आणि तीन वेगळ्या माश्या! मात्र उकिरड्यावरच्या हिरव्या-निळ्या चकाकत्या माशीलाही घरमाशीसारखेच कोपर असते. तेव्हा शीर कुळाकडे बोट दाखवते आणि पुढचे काम अंगाच्या रंगाने करायचे, हेही ध्यानात ठेवावे.

फुलमाशीची खूण याहून गमतीची आहे. तिच्या पंखात तिसऱ्या आणि चौथ्या शिरेच्या मध्ये एक जादा रेघ दिसते. ही रेघ कुठल्याच शिरेतून निघत नाही आणि कुठल्याच शिरेला मिळत नाही, म्हणून शास्त्रज्ञ तिला खोटी शीर म्हणतात. शिवाय बाहेरच्या बाजूला शिरा एकमेकींना मिळून पंखाच्या कडेला समांतर अशी दुसरी कड तयार करतात. फोटोत या दोन गोष्टी दिसल्या की फवारणीचा डबा खाली ठेवावा.

आता फळमाशीकडे

फळे नासवणाऱ्या माशांच्या कुळात चार हजारांहून अधिक जाती आहेत. घरातल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटे निराळी. ती आधीच नासलेल्या फळावर येतात. खरी फळमाशी चांगल्या, पिकत आलेल्या फळाची साल भोसकून आत अंडी घालते. पंखावरून तिचे कुळ ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. पुढच्या कडेजवळची एक बारीक शीर कडेला समांतर जाता जाता एकाएकी काटकोनात कडेकडे वळते आणि तिथेच अंधूक होते, ही पहिली. पंखाच्या मुळाजवळ मागच्या बाजूस एक छोटा कप्पा असतो व त्याचा एक कोपरा शेपटीसारखा टोकदार लांबलेला असतो, ही दुसरी. या खुणांना बरेच जवळून काढलेला फोटो लागतो. साध्या फोटोत दिसते ते पंखावरचे रंगकाम: पट्ट्या, डाग आणि ठिपके.

आपल्या बेटावर ज्यांच्याशी गाठ पडते त्यांची रंगकामे अशी:

पेरू-आंब्यावरची पीच फळमाशी. शास्त्रीय नाव बॅक्ट्रोसेरा झोनाटा. अंग तांबूस तपकिरी, पाठीवर दोन पिवळ्या रेघा. पंख जवळजवळ पूर्ण स्वच्छ. पुढच्या कडेला सलग पट्टी नाही, फक्त टोकाशी एक लहान तपकिरी डाग. कोणी पंखाच्या टोकाला बोटाने शाई लावावी तसा. ही मूळची दक्षिण आशियातली. आपल्याकडे ती १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आली आणि राहिली.

पौर्वात्य फळमाशी, म्हणजे बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. हिच्या पंखाच्या पुढच्या कडेला मुळापासून टोकापर्यंत एक अरुंद, गडद पट्टी सलग जाते. मागच्या बाजूस मुळाजवळ आणखी एक तिरपी रेघ. पाठ बहुधा काळी, पोटावर इंग्रजी 'टी' अक्षरासारखी काळी खूण. हीच ती १९९६ साली बेटावर सापडलेली माशी.

कारली, दोडकी, काकडी, भोपळा यांवरची वेलभाज्यांची फळमाशी. हिच्या कडेची पट्टी टोकाशी येऊन रुंद होते व मोठा डाग बनते. शिवाय आडव्या शिरांवर, विशेषतः बाहेरच्या आडव्या शिरेवर, धुरकट डाग असतो. पाठीवर पिवळ्या रेघा तीन, दोन कडांना आणि एक मधोमध. याच भाज्यांवर तिची एक लहान बहीणही येते. तिच्या टोकाला डाग असतो, पण आडव्या शिरा स्वच्छ असतात आणि पाठीच्या कडांना पिवळ्या रेघा नसतात.

उरल्या त्या नक्षीदार पंखांच्या. त्यांच्या पंखांवर आडवे पट्टे असतात आणि मुळाशी शाई शिंपडल्यासारखे बारीक ठिपके व रेघोट्या. भूमध्य समुद्राच्या नावाने ओळखली जाणारी माशी यातलीच. तिचे पट्टे पिवळसर असतात. पोम दामूरवर, म्हणजे टोमॅटोवर, येणारी माशीही पट्टेदार पंखांची. याच गटात एक माशी आपल्या मस्कारेन बेटांचीच मूळ रहिवासी आहे, सेराटायटिस कातोइरी. गेल्या शतकाच्या मध्यास तिच्या आफ्रिकन नातलग आल्या, नंतर पीच फळमाशी आली, आणि या नवख्यांनी मूळ रहिवाशाला मागे रेटले. बेटावर माणसांचे जसे थरावर थर आले तसेच माशांचेही आले, असे म्हटले तर ते खोटे नाही.

ओळखून करायचे काय?

कोणी विचारील, अळी ती अळी, माशी ती माशी, नाव घेऊन काय करायचे? हा प्रश्न आम्हाला एका शेतकरी बांधवाने विचारला होता. कारल्यांच्या मांडवात त्याने सापळे टांगले होते आणि महिनाभरात एकही माशी न अडकल्याने तो वैतागला होता. सापळ्यात मिथाईल युजेनॉल हे आमिष होते. या वासाने पीच फळमाशीचे आणि पौर्वात्य फळमाशीचे नर वेडे होऊन येतात. वेलभाज्यांच्या फळमाशीचा नर त्याकडे फिरकत नाही. त्याला लागते क्यू-ल्यूर नावाचे दुसरे आमिष. तिची ती लहान बहीण तर या दोहोंपैकी कशालाच भुलत नाही. नक्षीदार पंखांच्या भूमध्य माशीचे आमिष आणखी तिसरेच. म्हणजे पंखावरचा एक डाग ओळखला नाही तर सापळ्याचा खर्च वाया, भाजीही गेली, आणि मग माणूस चिडून विषारी औषध मारत सुटतो. तेच औषध नंतर आपल्या ताटात येते.

आपल्या पूर्वजांच्या कोकणातही हीच लढाई चालू आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आंब्यावरच्या फळमाशीसाठी 'रक्षक सापळा' बनवला तो याच मिथाईल युजेनॉलवर चालतो. या माशीची किंमत किती मोठी असू शकते हे २०१४ साली दिसले. भारतातून आलेल्या मालात फळमाश्या सापडल्यामुळे युरोपीय संघाने त्या वर्षीच्या १ मेपासून भारतीय आंब्याची आयात बंद केली. ऐन हंगामात हापूस अडकला. ही बंदी २०१५च्या जानेवारीत उठली.

आमच्या बेटानेही किंमत मोजली आहे. १९९६ साली पौर्वात्य फळमाशी सापडली तेव्हा नरांना मारणारी आमिषे, प्रथिनयुक्त आमिषाची फवारणी आणि जागोजागी सापळे लावून पाळत, अशी मोहीम कृषी खात्याने चालवली आणि त्या वेळी तिचे उच्चाटन केले. पण समुद्र काही कायमची भिंत नव्हे. २०१७ साली ही माशी शेजारच्या रेयुनियों बेटावर पोचली. म्हणून तिच्या पंखावरची ती सलग पट्टी प्रत्येकाने ओळखावी आणि दिसली तर खात्याला कळवावी. मात्र खोटी पट्टी पाहून हाकाटी करू नये, जशी आम्ही केली.

फोटो कसा काढावा

आमच्या हातून काय चुकले ते आता सांगतो. त्या मुलाचा फोटो बाजूने काढलेला होता. माशीने पंख अंगावर मिटून घेतले होते. पारदर्शक पंखातून खालचे गडद अंग दिसत होते आणि पंखाच्या कडेची सावली पेरूवर पडली होती. ती सावली आम्ही पट्टी समजलो. पुढे आम्ही वर्गातल्या मुलांच्या मदतीने एक रीत बसवली. ती अशी:

किडलेले फळ काचेच्या बरणीत कोरड्या वाळूवर ठेवावे आणि बरणीचे तोंड बारीक कापडाने घट्ट बांधावे. अळ्या वाळूत उतरून कोष करतात. साधारण दहा-बारा दिवसांत माश्या बाहेर येतात. तेव्हा घाई करू नये, कारण नुकत्याच निघालेल्या माशीचा रंग फिका असतो आणि पंखावरचे डाग पुरते उमटलेले नसतात. कापडावर साखरेच्या पाण्याचा बोळा ठेवून तिला तीन-चार दिवस जगवावे. मग बरणी काही मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावी. थंडीने माशी सुस्तावते आणि फोटो काढण्यापुरती स्वस्थ बसते. बरणी उघडताना एकही माशी निसटणार नाही याची काळजी घ्यावी, नाहीतर कीड वाढवल्याचे पाप आपल्याच माथी.

माशी पांढऱ्या कागदावर ठेवावी आणि कॅमेरा बरोबर वरून, कागदाला समांतर धरावा. पंख पसरलेला असावा. मऊ कुंचल्याने तो हलकेच बाजूला करता येतो. उजेड खिडकीचा, पसरलेला असावा. फ्लॅश टाळावा, कारण पंख आरशासारखा चमकतो आणि डाग नाहीसे होतात. शेजारी मोजपट्टी ठेवावी. एका फोटोवर भरवसा ठेवू नये. वरून एक, पाठीचा एक, बाजूने एक, आणि पंखाचा जवळून एक असे चार तरी घ्यावेत. कोणत्या फळातून निघाली आणि कोणत्या तारखेला, हे लिहून ठेवावे.

आणखी एक गंमत. तोच पंख काळ्या कागदावर धरला तर त्यावर साबणाच्या फुग्यासारखे रंग चमकतात. पूर्वी हे उगाच चमकणारे रंग समजत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले की पातळ पंखांवरचे हे रंगही शिस्तीचे असतात आणि पुष्कळदा जातीजातीत वेगळे असतात. म्हणून मुलांनी दोन्ही कागदांवर फोटो घ्यावेत, पांढऱ्यावर डागांसाठी आणि काळ्यावर रंगांसाठी.

फोटोची मर्यादा

एवढे करूनही फोटो सर्व सांगतो असे नाही. आफ्रिकेत २००३ साली केनियात एक नवी फळमाशी सापडली. २००५ साली तिला वेगळी जात म्हणून 'आक्रमक' अशा अर्थाचे नाव दिले गेले. दहा वर्षे पुस्तकांतून ते नाव चालले. शेवटी २०१५ साली शास्त्रज्ञांनी अनेक पुरावे एकत्र करून ठरवले की ही वेगळी जात नव्हे, ती पौर्वात्य फळमाशीच आहे. याच्या उलट २०१६ साली आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका फळमाशीच्या पोटातून दोन जाती निघाल्या. नव्या जातीला रेयुनियोंचे कीटकतज्ज्ञ सर्ज किलिसी यांचे नाव मिळाले. या जातींचे पंख इतके सारखे की साध्या डोळ्यांनी भेद कळत नाही. शिरा जिथे मिळतात ते बिंदू मोजून, संगणकावर गणित मांडून थोडासा फरक हाती लागतो. जिथे तज्ज्ञांना वर्षे लागतात तिथे आपण एका पुसट फोटोवर निकाल देणे बरे नव्हे. फोटो पाहून 'अशी दिसते' म्हणावे. 'हीच आहे' हे म्हणणे प्रयोगशाळेवर सोडावे आणि त्यासाठी माशी जपून ठेवावी.

पेरूचा निकाल

आता मावशींची गोष्ट पुरी करतो. आम्ही त्याच अंगणातले पेरू बरणीत ठेवले. माश्या निघाल्या, चार दिवस थांबलो आणि मुलांनी वरून फोटो काढले. पंख स्वच्छ होते. कडेला पट्टी नव्हती. फक्त टोकाला तो तपकिरी डाग होता. अंग तांबूस, पाठीवर दोन पिवळ्या रेघा. मग माश्या डबीत घालून कृषी खात्याच्या कीटकतज्ज्ञांकडे दिल्या. त्यांनीही सांगितले की ही पीच फळमाशीच. म्हणजे या बेटावर चाळीसएक वर्षे नांदणारी, आमच्या लहानपणापासूनची. ती कोणाच्या पेटीतून काल-परवा आलेली नव्हती.

खरे पाहता साधा हिशेब केला असता तरी पुरे होते. आलेल्या फळातली अळी कोषात जाणार, त्यातून माशी निघणार, ती वयात येऊन जोडी जमवणार, अंडी घालणार आणि मग त्या अळ्या पेरूत वाढणार. तीन आठवड्यांत तीन अंगणे भरणे शक्यच नव्हते. पण संशय आला की हिशेब सुचत नाही, आणि शिकवणाऱ्यालाही सुचत नाही, हे आम्ही अनुभवले.

फोटो घेऊन आम्ही मावशींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून तो डाग नीट पाहिला. आम्ही म्हणालो, "मावशी, चूक आमची झाली." त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चूक झाली ती चार माणसांत झाली ना? मग तिथेच सांगा." त्यांचे म्हणणे रास्त होते. त्या शनिवारी भजनाआधी आम्ही सर्वांसमोर ते सांगितले, आणि आज इथेही लिहितो आहोत. मावशी आता भजनाला येतात.

जाता जाता दोन विनंत्या. पहिली अशी की भारतातून येताना नातलगांनी कितीही आग्रह केला तरी परवान्याशिवाय फळे आणि भाज्या सामानात घालू नयेत. मावशींनी आणली नव्हती, पण आणणारे असतात हे आपण सर्व जाणतो. दुसरी अशी की झाडाखाली पडलेली किडकी फळे तशीच सोडू नयेत. ती रोज गोळा करून जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाकावीत किंवा खोल खड्ड्यात पुरावीत. झाडावरची चांगली फळे कच्ची असतानाच कागदी पिशवीत बांधावीत. एवढ्याने निम्मे काम होते, आणि त्याला विषही लागत नाही.

बाकी घरातल्या मुलांच्या हाती बरणी, वाळू आणि पांढरा कागद द्यावा. पंख किती, शीर वाकते कुठे आणि डाग कुठे, हे तीन प्रश्न विचारायला शिकवावे. नाव त्यांना आपोआप सापडेल.